युद्धवार्ता आणि समाजमाध्यमे

युद्धाची बातमी घरी बसलेल्या माणसापर्यंत कोण आणतो, हा प्रश्न इतिहासाला नवा नाही. पूर्वी राजे आणि सेनापती आपल्या लढायांची हकीकत स्वतःच सांगत, आणि ती त्यांच्या सोयीचीच असे. १८५४ साली लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राने विल्यम हॉवर्ड रसेल या बातमीदाराला क्रिमियाच्या युद्धावर पाठविले, आणि सैन्याचा नोकर नसलेला एक माणूस लेखणी घेऊन छावणीत जाऊन बसला. शिपायांचे हिवाळ्यातले हाल त्याने उघडे केले. १८५५ च्या जानेवारीत इंग्लंडचे ॲबरडीन मंत्रिमंडळ कोसळले, त्याला या पत्रांनी उठविलेले वादळही कारण झाले. सेनाधिकाऱ्यांचा आक्षेप असा की, हा मनुष्य आपली दुबळी बाजू शत्रूला कळवतो. आज मोबाईलविषयी तोच आक्षेप घेतला जातो.

परंतु वर्तमानपत्रे आली म्हणून सत्य आले, असेही झाले नाही. १९१७ च्या एप्रिलमध्ये इंग्रजी वर्तमानपत्रांनी छापले की, जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेते कारखान्यात उकळून त्यांची चरबी काढतात. ही गोष्ट साफ खोटी होती. १९२५ च्या डिसेंबरात परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी पार्लमेंटात जर्मनीचा इन्कार मान्य केला आणि प्रकरण मिटले. वस्तुतः ते मिटले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या संहाराच्या खऱ्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा, ही पुन्हा तसलीच एखादी कारखान्याची गोष्ट असेल, असे म्हणून अनेकांनी मान फिरविली. खोट्या बातमीची किंमत अशी पुढच्या खऱ्या बातमीला मोजावी लागते. हा हिशेब मनात ठेवून आपण आजच्या वादाकडे येऊ.

समाजमाध्यमे ही युद्धवार्तेचे साधन म्हणून भरवशाची आहेत काय, याविषयी विद्वानांत आणि बातमीदारांत बरीच मतांतरे आहेत. ती हवेत न तोलता एका घटनेवर घासून पाहावीत असे मला वाटते. ती घटना म्हणजे सीरियातील घौटा.

सीरियात १९७० पासून असद घराण्याची सत्ता होती. ती ८ डिसेंबर २०२४ रोजी संपली. मार्च २०११ मध्ये दरा शहरात निदर्शने झाली, त्यांच्यावर गोळ्या चालल्या, आणि पुढे त्याचे यादवी युद्धात रूपांतर झाले. सरकारने परदेशी बातमीदारांना दार बंद केले. जे चोरवाटेने आत गेले त्यांतल्या काहींनी प्राण गमावले. मेरी कोल्विन ही नामांकित बातमीदार २२ फेब्रुवारी २०१२ रोजी होम्स शहरात तोफमाऱ्यात मारली गेली. बातमीदार आत नाहीत, पण प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, अशी ती परिस्थिती होती. लोक चित्रे घेत आणि यूट्यूब, फेसबुकवर चढवीत.

२१ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे दमास्कसलगतच्या घौटा भागात रॉकेटे पडली. थोड्याच वेळात चित्रफिती जगापुढे आल्या: रांगेने निजविलेली मुले, अंगावर जखमेची खूण नाही, तोंडाला फेस. जगाने ती बातमी प्रथम वाचली ती वर्तमानपत्रात नव्हे. अमेरिकन सरकारने ३० ऑगस्टला जे निवेदन काढले त्यातही अशा शंभर चित्रफितींचा उल्लेख आहे. एवढे गुप्तहेर पदरी असलेल्या सरकारलाही रस्त्यावरच्या माणसाच्या मोबाईलचा आधार घ्यावा लागला.

आता वादाचे पक्ष पाहू.

पहिला पक्ष म्हणतो की, समाजमाध्यमांनी सरकारची आणि मोठ्या वृत्तसंस्थांची मक्तेदारी मोडली. ज्याच्यावर बॉम्ब पडतो तोच आता बोलतो. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. घौट्यात मोबाईल नसता तर आपल्याला सरकारचा इन्कार तेवढा ऐकू आला असता.

दुसरा पक्ष अनुभवी बातमीदारांचा. पश्चिम आशियात आयुष्य घालविलेला पॅट्रिक कॉकबर्न हा त्यांतला ठळक. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: बातमीदार आत जाऊ शकत नाहीत, म्हणून वर्तमानपत्रे आणि वाहिन्या लढणाऱ्यांनीच पाठविलेल्या चित्रांवर विसंबू लागल्या, कॅमेरा कोठे धरायचा आणि कोठून फिरवायचा हे पक्षपाती माणूस ठरवतो, मग प्रचार कोणता आणि बातमी कोणती हे वाचकाला कसे कळावे? या आक्षेपाला पुरावाही आहे. दमास्कसमधील एक बंडखोर तरुणी म्हणून २०११ मध्ये जिचे लिखाण जगभर वाचले गेले, ती वस्तुतः स्कॉटलंडमध्ये शिकणारा एक अमेरिकन पुरुष निघाली. गोळ्या चुकवून लहान बहिणीला वाचविणाऱ्या सीरियन मुलाची चित्रफीत नोव्हेंबर २०१४ मध्ये लाखो लोकांनी पाहिली. ती नॉर्वेच्या एका दिग्दर्शकाने माल्टा बेटावर नट घेऊन काढली होती. मुलांच्या हालांकडे जगाचे लक्ष वेधावे असा त्याचा हेतू होता. १९१७ च्या कारखान्याची गोष्ट पसरविणाऱ्यांपैकी काहींनाही आपला हेतू चांगलाच वाटला असेल.

तिसरा पक्ष अभ्यासकांचा. मार्क लिंच, डीन फ्रीलन आणि शॉन एडे या तिघांनी जानेवारी २०१४ मध्ये सीरियाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचा मुद्दा असा की, समाजमाध्यमांतून आपण थेट घटनास्थळ पाहतो हाच मुळी भ्रम आहे. हजारो चित्रफितींतून कोणती आपल्यापुढे यावी हे मधली माणसे आणि त्यांची जाळी ठरवितात. फक्त ती दिसत नाहीत. शिवाय इंग्रजीत चाललेली चर्चा आणि अरबीत चाललेली चर्चा या दोन वेगळ्या दुनिया होत्या. वर्तमानपत्राचा संपादक निदान नाव छापून खुर्चीवर बसतो. या चाळणीला नावही नाही आणि पत्ताही नाही.

चौथा पक्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडातील लेस्टर शहरी राहणारा एलियट हिगिन्स हा ना पत्रकार, ना सैनिक. त्याने २०१२ पासून घरी बसून सीरियातील चित्रफिती पाहण्यास आणि त्यांतील शस्त्रे ओळखण्यास सुरुवात केली. त्याचे म्हणणे असे की, चित्रफितीवर विश्वासही ठेवू नका आणि ती फेकूनही देऊ नका, ती तपासा. मागे दिसणारा मनोरा, सावलीची दिशा, रस्त्याचे वळण ही उपग्रहाच्या नकाशाशी जुळवा. एकच घटना चार वेगळ्या माणसांनी चार बाजूंनी टिपली आहे काय ते बघा. घौट्याविषयी एक आक्षेप असा आला, आणि तो रशियाच्या परराष्ट्र खात्याकडूनही आला, की या चित्रफिती हल्ल्याच्या आधीच जालावर चढविल्या होत्या, अर्थात सारा बनाव आहे. यूट्यूबवर तारीख २० ऑगस्ट दिसत होती हे खरेच. परंतु यूट्यूब तारीख घालते ती कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे, आणि ते घड्याळ उन्हाळ्यात दमास्कसच्या १० तास मागे असते. दमास्कसला २१ तारखेची पहाट, तेव्हा तेथे २० तारखेची संध्याकाळ. एवढ्या साध्या बेरीज-वजाबाकीने तो आक्षेप निकालात निघाला.

याच घटनेवरून हिगिन्सची गाठ पडली ती सेमूर हर्शशी. हर्श म्हणजे व्हिएतनाममधील माय लाई गावच्या कत्तलीला वाचा फोडणारा बातमीदार. १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिकांनी तेथे शेकडो निःशस्त्र गावकरी मारले, आणि सैन्याने सांगितले की शत्रूचे १२८ लोक ठार झाले. १९६९ मध्ये हर्शने हे उघडकीस आणले. त्याच्या जोडीला रोनाल्ड हेबर्ल या लष्करी छायाचित्रकाराने स्वतःच्या खाजगी कॅमेऱ्याने घेतलेली रंगीत चित्रे प्रसिद्ध झाली. असा मोठा माणूस २०१३ च्या डिसेंबरात लिहिता झाला की, घौट्याविषयी अमेरिकन सरकारने सोयीची तेवढीच माहिती पुढे केली. बंडखोरांतील एका गटालाही सारिन हा विषारी वायू करणे शक्य होते. आधार कोणता? गुप्तचर खात्यातील काही माणसे, ज्यांची नावे नाहीत.

हिगिन्सने उत्तर दिले की, घौट्यात पडलेल्या मोठ्या रॉकेटाचे अवशेष चित्रफितींत दिसतात, आणि तशाच जातीची रॉकेटे सरकारच्या बाजूचे सैन्य डागत असल्याच्या त्याआधीच्या चित्रफिती उपलब्ध आहेत. रिचर्ड लॉइड आणि थिओडोर पोस्टॉल या दोन तज्ज्ञांनी मध्येच शंका काढली की, या रॉकेटाचा पल्ला सुमारे २ किलोमीटरच आहे, तेव्हा ते सरकारी मुलखाच्या अंतर्भागातून येणे शक्य नाही. हिगिन्सने त्यालाही, तेवढ्या अंतरात सरकारी फौजा कोठे होत्या, हे चित्रफितींच्याच आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला. संयुक्त राष्ट्रांच्या तपासनीसांनी जागेवर जाऊन, रक्त आणि माती तपासून, १६ सप्टेंबर २०१३ रोजी सारिनचा वापर झाल्याचे सांगितले. कोणी केला हे सांगण्याचा अधिकार त्यांना दिलेलाच नव्हता. पुढे मार्च २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने म्हटले की, हल्ला करणाऱ्यांचा सीरियन सैन्याच्या रासायनिक साठ्यापर्यंत हात पोचत असण्याचा संभव दिसतो. हे हिगिन्सच्या बाजूस झुकते.

परंतु कोण जिंकला यापेक्षा मोलाची गोष्ट वेगळी आहे. १९६९ चा हर्श बलवान होता, कारण तो माणसे शोधीत गेला. लेफ्टनंट कॅलीला भेटला. पॉल मेडलो या सैनिकाने आपल्या नावानिशी, टेलिव्हिजनवर तोंड दाखवून, मी मारले असे सांगितले. २०१३ मध्ये त्याच हर्शचे साक्षीदार पडद्याआड राहिले. त्यांना वाचक प्रश्न विचारू शकत नव्हता. उलट हिगिन्सने आपला पुरावा चव्हाट्यावर मांडला होता. म्हणूनच लॉइड आणि पोस्टॉल त्यावर शंका घेऊ शकले.

मी कामगार चळवळीतला माणूस. कारखान्यातील खातेनिहाय चौकशीत कामगाराच्या बाजूने उभे राहताना आम्ही पहिली मागणी करतो ती उलटतपासणीची. साक्षीदार गरीब आहे की साहेब आहे, हा प्रश्न दुय्यम; त्याला प्रश्न विचारता येतात की नाही, हा मुख्य. समाजमाध्यमावरची चित्रफीत ही साक्ष आहे. ती बातमी होते उलटतपासणीनंतर, आणि त्या बातमीखाली कोणीतरी आपले नाव घातल्यावर. या कसोटीला काही चित्रफिती उतरल्या आहेत. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनवर पाडलेल्या मलेशियन विमानात २९८ माणसे मेली. क्षेपणास्त्र वाहणाऱ्या गाडीची चित्रे लोकांनी जालावर टाकली होती. ती इतर पुराव्याबरोबर नेदरलँडच्या न्यायालयात तपासली गेली, आणि १७ नोव्हेंबर २०२२ रोजी तिघांना, त्यांच्या गैरहजेरीत, शिक्षा झाली.

चित्रफितीची मर्यादाही ओळखली पाहिजे. घौट्यात किती माणसे मेली? अमेरिकन सरकार म्हणाले १,४२९. ब्रिटिश गुप्तचर समिती म्हणाली निदान ३५०. ‘सीमांपलीकडील डॉक्टर’ या संस्थेने आपल्या मदतीवर चालणाऱ्या तीन रुग्णालयांपुरता ३५५ मृतांचा आकडा दिला. संपाच्या दिवशी मालकाच्या पत्रकात एक हजेरी असते आणि युनियनच्या पत्रकात दुसरी. खरी संख्या हजेरीपट उघडल्याशिवाय कळत नाही. चित्रफीत काय झाले ते दाखविते; किती झाले आणि हुकूम कोणी दिला ते ती सांगू शकत नाही. तेथे रसेलसारखा पायी जाणारा बातमीदारच लागतो. म्हणून कॉकबर्नचे म्हणणे टाकून देता येत नाही.

आणखी एक गोष्ट या वादात मागे पडते, ती मालकीची. ही साक्ष ज्या दप्तरात ठेवली आहे ते दप्तर खाजगी कंपन्यांचे आहे. २०१७ मध्ये यूट्यूबने यंत्राकरवी हिंसक चित्रे काढून टाकण्याचा सपाटा लावला, तेव्हा सीरियातील हजारो चित्रफिती नाहीशा झाल्या. काही परत आल्या, त्या लोकांनी ओरड केली म्हणून. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातील एका सेनाधिकाऱ्यावर जे पकड वॉरंट काढले त्याचा मुख्य आधार समाजमाध्यमांवरील चित्रफिती हाच होता. न्यायालयाला जो पुरावा वाटतो तो कंपनीच्या यंत्राला कचरा वाटतो! आणि जेथे यंत्र पुरत नाही तेथे माणसे बसविलेली असतात. दिवसभर मुडदे पाहून त्यांची मने आजारी पडली, म्हणून फेसबुकने २०२० मध्ये अमेरिकेतील अशा कामगारांसाठी ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. युद्धाची चित्रे फुकट येतात असे आपल्याला वाटते. ती फुकट येत नाहीत.

हा सारा विचार आपल्यापासून दूरचा नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाचे चार दिवस आपण सर्वांनी अनुभवले. त्या दिवसांत संगणकावरील खेळातील लढाई खरी म्हणून फिरली, दुसऱ्या देशांतील जुने स्फोट नवे म्हणून फिरले; आणि कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी तर मान्यवर वाहिन्यांनीच दिली. म्हणजे मोबाईल खोटा आणि वाहिनी खरी, अशी सोपी वाटणी करून भागत नाही. दोघांनाही तेच प्रश्न विचारले पाहिजेत: हे कोणी पाहिले, कोठे, केव्हा, आणि चुकले तर कोण उत्तर देणार? ज्या बातमीला ही उत्तरे नाहीत ती पुढे न धाडता एक दिवस थांबल्याने देशाचे काही बिघडत नाही.

थांबणे म्हणजे अविश्वास नव्हे. सर्वच खोटे असे म्हणून हात झटकणे हे सर्वच खरे मानण्याइतकेच आळशीपणाचे आहे, आणि जुलूम करणाऱ्याला ते अधिक सोयीचे असते. घौट्यातील मुले खरी होती. त्यांच्यावर बनावाचा आरोप टिकला नाही, कारण काही माणसांनी घड्याळे जुळविण्याचे, रॉकेटे मोजण्याचे आणि रक्त तपासण्याचे कष्ट घेतले. ते कष्ट आपण प्रत्येकजण घेऊ शकणार नाही. पण खोटे चित्र पुढे धाडून ते वाढवू नयेत, एवढे तर आपल्या हाती आहे.