एकांक आणि फटफटी

चिखलीत सकाळी मोटारसायकल फाटकाबाहेर काढली, की ओट्यावर बसलेले कोणीतरी विचारतेच, "एकलेच कुठी चालले, सर?" या प्रश्नातला जोर ‘कुठी’वर नसतो, ‘एकलेच’वर असतो. मागची रिकामी सीट विचारणाऱ्याला खटकलेली असते. मग उत्तरादाखल एखादे काम सांगावे लागते : मेहकरला लग्न आहे, खामगावला एक पुस्तक मिळते का पाहतो. "कुठेच नाही; मेहकरच्या रस्त्याने तासभर जाईन आणि परत येईन," हे खरे उत्तर मी इतक्या वर्षांत एकदाही दिलेले नाही. हा माझा एकट्याचा भिडस्तपणा असेल असे मी बरेच दिवस समजत होतो. आता वाटते, या खोट्या उत्तराला काही शतकांचा इतिहास आहे.

मराठी माणसाचा जुना प्रवास हा समूहाचा प्रवास आहे. वारी दिंडीने जाते, काशीयात्रा संघाने होते, वऱ्हाड तर शब्दातच गर्दी घेऊन निघते. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे गेले ते काकांच्या सोबतीने. त्यांचा ‘माझा प्रवास’ नावात ‘माझा’ असला तरी पायांनी दोघांचा आहे. राज्यकारभाराची पत्रे घेऊन धावणारा जासूदसुद्धा मराठी कागदपत्रांत वारंवार जोडीने भेटतो. ‘जासूद जोडी’ पाठवण्यामागे व्यवहार होता : एक आजारी पडला, मारला गेला, तरी पत्र पोचावे. रस्ता म्हणजे ठग, पूर, तरस आणि ताप. एकट्याने जाणे हे धाडस नव्हते, अविचार होता. सोबत ही आपल्याकडे आधी गरज होती. पुढे तिची रीत झाली आणि रीतीचे नीतीत रूपांतर व्हायला फार काळ लागला नाही.

या नियमाला एक अपवाद मान्य होता, तो विरक्ताचा. आणि त्या अपवादाचा मराठीतला सर्वांत जुना ग्रंथ आमच्या परिसराला अपरिचित नाही. तेराव्या शतकातल्या चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या. त्याच्या पहिल्या भागाचे नावच ‘एकांक’ आहे. भोवती शिष्यपरिवार जमण्यापूर्वीच्या एकाकी भ्रमणाचा तो भाग. मेहकर आणि लोणार ही नावे ‘लीळाचरित्रा’त येतात, आणि ती आम्हाला कोशात शोधावी लागत नाहीत, एस.टी.च्या पाट्यांवर रोज दिसतात. पुढे महानुभावांच्या आचारात ‘अटन’ आणि ‘विजन’ ही दोन व्रते स्थिर झाली. अटन म्हणजे हिंडणे, विजन म्हणजे निर्जन स्थळी राहणे. एका जागी जीव गुंतू नये, ओळखीची माणसे भोवती साचू नयेत, हा त्यामागचा विचार. विसाव्या शतकात याच वऱ्हाडातून गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून निघाले आणि बारा वर्षे असेच हिंडले.

म्हणजे एकटेपणाची परवानगी होती. पण तिची किंमत घर ही होती. ज्याला संध्याकाळी परत यायचे आहे, ज्याच्या नावावर रेशनकार्ड आहे, त्याच्यासाठी अटन नव्हते. गृहस्थाने एकट्याने निघावे ते कामासाठी, आणि काम संपले की सरळ घरी यावे.

आमच्या भागात तर साधनांनीही हेच घडवले. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या हाती आला. पुढच्या दीड दशकात मुंबईहून नागपूरकडे रेल्वे गेली, ती बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या सपाटीतून : मलकापूर, नांदुरा, शेगाव. कापसासाठी १८७० मध्ये खामगावलाही फाटा मिळाला. घाटावरची चिखली मात्र रुळांवाचून राहिली. खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यानपिढ्या होत आली आहे. पण शिट्टी ऐकायची तर अजूनही घाट उतरावा लागतो. त्यामुळे इथल्या माणसाचा प्रवास आधी बैलगाडीने आणि मग एस.टी.ने झाला. दोन्ही वाहनांत आपण किती वाजता निघायचे, कोणाशेजारी बसायचे आणि कुठे थांबायचे, हे दुसरे कोणीतरी ठरवते.

या व्यवस्थेत फटफटी आली. शब्द पाहा : इंजिनाच्या आवाजावरून लोकांनी स्वतः पाडलेला, कोणत्याही परिभाषा समितीला न विचारता. मद्रासला १९५५ पासून ‘बुलेट’ जुळू लागली, म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ च्या सुमारास ‘जावा’ बाहेर पडू लागली, आणि त्याच दशकात एस्कॉर्ट्‌सची ‘राजदूत’ खेड्यापाड्यांत पोचली. उत्पादनावर परवान्यांचे बंधन असल्याने वाहने थोडी आणि वाट पाहणारे फार, अशी कित्येक वर्षे स्थिती होती. तालुक्याच्या गावी ती दिसायची डॉक्टरकडे, विमा एजंटाकडे, शेतीखात्यातल्या माणसाकडे, एखाद्या बागायतदाराकडे. १९८५ साली कमी पेट्रोल पिणारी ‘हिरो होंडा’ आली आणि ‘गाडी’ हा शब्द मध्यमवर्गाच्या अंगणात मोटारसायकलसाठी रुळला.

पण म्हणून ती एकट्याचे वाहन झाली, असे नाही. टाकीवर एक मूल, मागे मांडीवर दुसरे घेतलेली पत्नी, हँडलला पिशवी. दुधाच्या कॅन, खताची पोती, पेशंट, परीक्षार्थी. ‘डबलसीट’ आणि ‘ट्रिपलसीट’ हे आपल्या बोलीतले शब्द या वाहनाचा खरा सामाजिक इतिहास सांगतात. बैलगाडीचे सारे काम दोन चाकांवर आले, एवढेच.

एकटेपणा आला तो परतीच्या वाटेवर, कोणी न ठरवता. पाहुण्याला मेहकरच्या स्टँडवर सोडले आणि गाडी रिकामी झाली. तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आले असेल, की वजन उतरताच यंत्राचा स्वर बदलतो, वळणावर झुकताना फक्त स्वतःचा तोल सांभाळायचा असतो, आणि पुढचा पाऊण तास आपल्याशी कोणी बोलू शकत नाही. या आनंदाला मराठीने जुनाच शब्द दिला : रपेट. तो घोड्याच्या पाठीवरून उतरला आणि फटफटीवर बसला.

या रपेटीत नेमके काय मिळते? वेग हे उत्तर अपुरे आहे. वेग बसमध्येही असतो. मोटारसायकलवर माणूस दृश्याच्या काचेपलीकडे नसतो. पैनगंगेच्या खोऱ्यात उतरताना हवा गार होते ती आधी मनगटांना कळते. भिजलेल्या सोयाबीनच्या भुसकटाचा वास, हरभऱ्याच्या शेतावरून येणारा आंबूस वारा, कुठे जळत्या पऱ्हाटीचा धूर, हे सारे नकाशावरच्या गावांहून अधिक खात्रीने ठिकाण सांगतात. आणि लक्ष सतत जागे ठेवावे लागते : खड्डा, मागचा दिवा नसलेली ट्रॉली, अचानक आडवे येणारे वासरू. चुकीला क्षमा नाही. हे लक्ष मनाची नेहमीची बडबड थांबवते. घरच्या काळज्या संपत नाहीत, त्या मागच्या सीटवर बसत नाहीत इतकेच. ‘विजन’ शब्दाचा अर्थ मला ग्रंथात वाचून कळला होता; अनुभवाला आला तो टॉप गिअरमध्ये.

जगाच्या साहित्यातही हा एकटेपणा वाटतो तितका सुलभ नाही. चे गेव्हाराचा १९५२ चा प्रवास अल्बेर्तो ग्रानादोसोबतचा. पिर्सिगच्या १९७४ च्या प्रसिद्ध पुस्तकात मागे त्याचा मुलगा बसलेला आहे. टी. ई. लॉरेन्स एकटा धावला, पण १९३५ मध्ये त्या धावण्यानेच त्याला नेले. १९७३ ते १९७७ अशी चार वर्षे जगभर फिरलेला टेड सायमन हा बराचसा खरा एकांडा. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांची १९६० सालची ‘अपूर्वाई’ घ्या. तिची गोडीच पती-पत्नीच्या सोबतीत आहे. सोबत असली की संवाद होतो, आणि संवादातून पुस्तक उभे राहते. एकट्याच्या रपेटीला सांगण्यासारखे काहीच घडत नाही. कदाचित म्हणूनच तिचे वाङ्मय विरळ आहे.

इथवर मी ‘माणूस’ लिहिले, तेव्हा डोळ्यांपुढे पुरुषच होता, हे कबूल केले पाहिजे. १९७२ मध्ये ‘लूना’ आली, पुढे स्कूटी आल्या आणि मुली कॉलेजात स्वतः पोचू लागल्या. पण पोचणे वेगळे आणि हिंडणे वेगळे. माझी एक विद्यार्थिनी एका रविवारी एकटीच लोणारला जाऊन आली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवराच्या काठावर ती अर्धा तास बसली, एवढेच. घरी तिने सांगितले, वाचनालयात होते. मी मेहकरचे लग्न सांगतो आणि ती वाचनालय सांगते. पण माझे खोटे उघडकीस आले तर लोक हसतील, तिचे आले तर किल्ली काढून घेतली जाईल. महानुभाव पंथात स्त्रियांनाही संन्यास होता, अटन होते. सातशे वर्षांनंतर रविवारच्या अर्ध्या तासासाठी तिला सबब शोधावी लागते, हे आपल्या प्रगतीच्या इतिहासात कुठे नोंदवायचे?

आता जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सारा रस्ता पूर्ण झाला. मेहकर आणि सिंदखेडराजा या तालुक्यांतून तो जातो. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच असेल. माझी तक्रार नाही. त्या रस्त्याला कुठेतरी पोचायचे आहे. आमच्या वाट्याला जुना रस्ता उरला आहे, गावागावांत थांबणारा, बाभळींच्या सावलीतला, खड्ड्यांचा.

परवा तीच विद्यार्थिनी कॉलेजच्या फाटकाशी गाडीला किक मारत होती. सवयीने माझ्या तोंडी आले, "एकटीच कुठे निघालीस?" ‘एकटीच’ला आलेला जोर माझा मलाच ऐकू आला. ती वाचनालयाचे नाव घेण्याआधी मी घाईने म्हणालो, "राहू दे. हेल्मेट तेवढे घाल."