मदारका, उहुरू, वियाथी

स्वाहिली भाषेत सरकारला 'सेरिकाली' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द ओळखीचा वाटतो, आणि तो ओळखीचाच आहे. फारसीत 'सर' म्हणजे डोके, 'कार' म्हणजे काम. तोच शब्द एका वाटेने दख्खनेत आला आणि दुसऱ्या वाटेने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. स्वाहिलीला शब्दाच्या शेवटी स्वर लागतो, म्हणून 'सेरिकाली'. केनियातले लोक त्याची आपली अशी एक फोड करतात: 'सिरी' म्हणजे गुपित, 'काली' म्हणजे उग्र, कडक. व्युत्पत्ती म्हणून ती चूक आहे. पण ब्रिटिश अमलाखाली दिवस काढलेल्या माणसांना ती पटली असेल, तर त्यात नवल नाही.

१९१५ च्या कायद्याने या सेरिकालीने आफ्रिकनांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची जमीनही ब्रिटिश राजाच्या मालकीची ठरवली आणि गोऱ्या मळेवाल्यांना ती ९९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळण्याची सोय केली. पहिल्या महायुद्धानंतर आफ्रिकन पुरुषांना नोंदणीचा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवून हिंडावे लागले. त्याचे नाव 'किपांडे', म्हणजे नुसता 'लहान तुकडा'. इतका साधा शब्द इतक्या अपमानाला पुरला, याचे मला फार वाईट वाटते.

या राजवटीतून सुटायचे, तर त्या सुटकेला काय म्हणायचे? किनाऱ्यावर शब्द तयार होता: 'उहुरू'. मूळ अरबी 'हुर्र', म्हणजे जो कोणाचा गुलाम नाही तो. काश्मीरच्या बातम्यांतून आपल्या कानावर आलेली 'हुर्रियत' याच घरातली. आपण 'पण' किंवा 'ता' शब्दाच्या शेवटी जोडून भाववाचक नाम करतो, स्वाहिली 'उ' आधी जोडते. 'म्टुम्वा' म्हणजे गुलाम. शब्दशः, ज्याला कुणीतरी कामाला धाडले आहे असा माणूस. त्यावरून 'उटुम्वा', गुलामी. 'हुरू'वरून 'उहुरू'. केनियाच्या किनाऱ्यावर गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १९०७ मध्ये संपली. म्हणजे १९५०–६० च्या सभांतून 'उहुरू'ची घोषणा ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी काहींना तरी त्या शब्दाचा जुना, अंगावरचा अर्थ ठाऊक असणार.

पण उहुरूच्या आधी आला 'मदारका'. १ जून १९६३ रोजी जोमो केन्याटा पंतप्रधान झाले आणि देशाला अंतर्गत स्वशासन मिळाले. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार मात्र अजून गव्हर्नरकडेच होते. त्या दिवसाचे नाव मदारका दिन. शब्द अरबी वळणाचा. अर्थ अधिकारपद, आणि त्याचबरोबर जबाबदारी. मला हा शब्द मोलाचा वाटतो, कारण हीच जोड मराठीनेही केली होती. आपल्या संस्थानांतली प्रजा 'जबाबदार राज्यपद्धती' मागत होती: जो राज्य करील त्याने जबाब दिला पाहिजे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली नव्या घटनेने कारभार प्रजेच्या हाती सोपवला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ या काळात भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीत होते, आणि आफ्रिकन पुढाऱ्यांशी असलेला त्यांचा घरोबा वसाहतीच्या सरकारला खुपत होता. औंधात जे घरीच पाहिले, त्याचीच मागणी तिथे करणारी माणसे त्यांना परकी कशी वाटतील?

हे दोन्ही शब्द मात्र किनाऱ्याच्या भाषेचे. ज्या किकुयू शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, जे १९५२ च्या आणीबाणीत जंगलात शिरले, ज्यांना इंग्रजांनी 'माउ माउ' म्हटले, त्यांचा शब्द वेगळा होता: 'वियाथी'. त्यात 'राज्य करणे' या अर्थाचा धातू आहे आणि त्याला 'स्वतःवर' असा प्रत्यय लागला आहे. म्हणजे अक्षरशः स्वराज्य! आपला शब्द आणि त्यांचा शब्द एकमेकांना न विचारता एकाच रीतीने घडले. फरक एवढाच की किकुयू माणूस तो सहसा एकटा उच्चारत नसे. तो म्हणे 'इथाका ना वियाथी', जमीन आणि स्वराज्य. स्वतःची जमीन कसून घर उभे करणारा माणूसच स्वतःचा धनी, असा त्यामागचा विचार. जमिनीविना वियाथी ही कल्पनाच त्यांना रिकामी वाटे.

उहुरू १२ डिसेंबर १९६३ ला आले. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला देश प्रजासत्ताक झाला आणि तो दिवस 'जम्हुरी'च्या नावाने साजरा होऊ लागला. जमिनीचे काय? गोऱ्या मळेवाल्यांना मोबदला देऊन मळे विकत घेतले गेले, आणि तिथे वसवलेल्या आफ्रिकन शेतकऱ्यांच्या माथी त्याचे कर्ज आले. १९६६ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपद सोडलेल्या ओगिंगा ओडिंगा यांनी पुढच्या वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'नॉट येट उहुरू', उहुरू अजून आलेले नाही. केनियाच्या सरकारी सुट्ट्यांत मदारका आहे, जम्हुरी आहे. वियाथीच्या नावाची सुट्टी नाही.