सिस्टिक फायब्रोसिसजन्य मधुमेह

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात स्वादुपिंडाचा ऱ्हास होऊन उद्भवणारा मधुमेह. पहिल्या वा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात तो मोडत नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या किशोरवयीन रुग्णांपैकी सुमारे २० टक्के, तर प्रौढांपैकी ४० ते ५० टक्के जणांमध्ये तो आढळत आला आहे.

मूळ कारण : रोगाचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर जनुकात असते. आई आणि वडील या दोघांकडून सदोष प्रत आली, तरच मुलाला रोग होतो. १९८९ मध्ये हा जनुक शोधला गेला. त्याच्यापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पटलातून क्लोराइड व बायकार्बोनेट यांची ने-आण करते. ही वाट बंद पडली की शरीरातील अनेक स्राव दाट व चिकट होतात.

स्वादुपिंडातील बिघाड : निरोगी स्वादुपिंडाच्या नलिका बायकार्बोनेटयुक्त पातळ द्रव सोडतात आणि त्याबरोबर पाचक विकरे आतड्यात वाहून जातात. या रोगात द्रव कमी पडतो, प्रथिने साकळून नलिकांत बुचे बसतात. अडकलेली विकरे ग्रंथीच्या ऊतींचेच पचन करू लागतात. ही प्रक्रिया बहुधा जन्मापूर्वीच सुरू होते. पुढे ग्रंथीत द्रवाने भरलेल्या पुटी, तंतुमय ऊती व चरबी यांची भर पडते. न्यूयॉर्कच्या डॉक्टर डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या विकृतीचे सविस्तर वर्णन केले. सुमारे ८५ टक्के रुग्णांत पाचकरस अपुरा पडतो. मळ तेलकट व दुर्गंधीयुक्त होतो, भरपूर खाऊनही मूल वाळत जाते. जेवणाबरोबर विकरांच्या कॅप्सूल दिल्याने पचन सुधारते, पण झालेली हानी भरून निघत नाही.

मधुमेहाची वाटचाल : इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी याच ग्रंथीतील द्वीपकांत असतात. तंतुमयता आणि दाह यांमुळे त्या घटतात व उरलेल्यांचे कामही मंदावते. जेवणानंतर इन्शुलिन उशिरा आणि अपुरे स्रवते. त्यामुळे उपाशीपोटी साखर ठीक, पण जेवणानंतर चढलेली, असे चित्र सुरुवातीला दिसते. फुप्फुसांचा संसर्ग बळावला किंवा स्टेरॉइड चालू असले, तर साखर आणखी वाढते. थोडे इन्शुलिन शिल्लक असल्याने कीटोॲसिडोसिस (रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणे) क्वचितच होतो.

परिणाम व निदान : इन्शुलिन स्नायूंची बांधणी टिकवते. ते कमी पडताच वजन घटते आणि फुप्फुसांची क्षमता खालावते. निदानाच्या कित्येक महिने आधीही ही उतरण सुरू झालेली असू शकते. तहान किंवा वारंवार लघवी यांची वाट पाहणे म्हणूनच धोक्याचे. एचबीए१सी ही सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी या रुग्णांत फसवी ठरू शकते, म्हणून वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज सहनक्षमता चाचणी करतात. उपाशीपोटी रक्त घेऊन वजनाच्या दर किलोमागे १.७५ ग्रॅम, पण जास्तीत जास्त ७५ ग्रॅम, ग्लुकोज पाण्यातून पाजतात. दोन तासांनी साखर २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक भरली, तर मधुमेहाचा निष्कर्ष निघतो. लक्षणे नसल्यास त्याची फेरतपासणीने खात्री करतात.

उपचार : इन्शुलिन हाच मुख्य उपचार. इतर मधुमेहींना सांगितले जाणारे कमी खाण्याचे पथ्य येथे घातक ठरते. या रुग्णांना भरपूर उष्मांक, स्निग्ध पदार्थ व मीठ लागते. म्हणून खाणे तोडायचे नसते, इन्शुलिनची मात्रा खाण्याशी जुळवायची असते. डोळे, मूत्रपिंडे व चेतातंतू यांची नियमित तपासणीही आवश्यक असते.

सदोष प्रथिनाचे कार्य सुधारणारी औषधे उपलब्ध आहेत. त्यांतील एका तीन औषधांच्या संयोगाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ती कोणाला लागू पडतील, हे उत्परिवर्तनावर अवलंबून असते. युरोपीय वंशाच्या लोकांत सर्वाधिक आढळणारे एफ५०८डेल हे उत्परिवर्तन भारतीय रुग्णांत तुलनेने कमी दिसते. त्यामुळे येथे जनुकीय तपासणीला विशेष महत्त्व आहे. ही औषधे सुरू असली, तरी साखरेची वार्षिक चाचणी चुकवता येत नाही.