कारवानीची भाकर

आमच्या वारंगा फाट्याच्या आसपास दोन तऱ्हेची कुत्री असायची. एक गावकुत्रं, दुसरं कारवानी. गावकुत्र्याला उकिरडा होता, खरकटं होतं, त्याची चिंता कुणी करत नव्हतं. कारवानीला मात्र ठरलेली भाकर होती. ती कधी घालायची, किती घालायची, कशात कुस्करायची, सगळ्याचे नियम होते. हे नियम माहीत असलेली माणसं आता थोडी राहिली, म्हणून लिहून ठेवतो.

कारवानी म्हणजे उंच, लांब तोंडाचं, छाती खोल अन् पोट पाठीला लागलेलं कुत्रं. हे वासावर नाही, नजरेवर पळतं. इराण-अफगाणिस्तानाकडून व्यापाऱ्यांच्या अन् फौजांच्या काफिल्यांबरोबर ही जात दख्खनेत उतरली असं मानतात, त्यावरून कारवानी. कानाला-शेपटीला मऊ लांब केस असले तर ते पश्मी. फारसीत पश्म म्हणजे लोकर. लातूर जिल्ह्यातलं जानवळ गाव पश्मीसाठी नावाजलेलं आहे. तिकडं कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे राजांनी हीच जात जोपासली, तर तिला मुधोळ हाउंड असं नाव पडलं आणि 2005 साली टपाल खात्यानं तिचं तिकीटही काढलं. आमच्याकडं ती पारधी, बंजारा, धनगर अन् एखाद्या पाटलाच्या दारात राहिली. राजाच्या दारात असती तर आमचंही तिकीट निघालं असतं!

माझ्या आजाजवळ मोगलाईत एक जोडी होती. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमचा मुलूख त्यात होता. आजाचा पहिला नियम असा की पळायच्या दिवशी सकाळी कुत्र्याला काही घालायचं नाही. भरल्या पोटी पळवलं की पोट फुगतं, आत पीळ पडतो अन् धडधाकट कुत्रं काही तासांत जातं. रोजची भाकर दिवस मावळताना, एकदाच. ज्वारीची शिळी भाकर ताकात कुस्करून, दुभतं असलं तर दुधात. म्हशीचं दूध असलं तर त्यात पाणी. थंडीत ज्वारीच्या कण्या शिजवून कोमट. मीठ-मिरची नाही, अन् कांदा तर अजिबात नाही. कांद्यानं कुत्र्याचं रक्त नासतं हे जनावराचे डॉक्टर आज सांगतात, आजाला ते कुणी सांगितलं होतं देव जाणे. शिजवलेलं हाडही नाही, ते फुटून आतड्यात टोचतं. कुत्री व्याली की मात्र तिला गूळ घालून कण्या, घरातल्या बाळंतिणीसारख्या. मागच्या बरगड्या दिसायलाच पाहिजेत. "बरगडी मोजता आली तं कारवानी, न्हाई तं डुक्कर," असं आजा म्हणायचा.

ससा धरला की काळीज अन् आतडी तिथंच, गरम असताना, कुत्र्याला. ही त्याची मजुरी. ही रीत गरिबाचीच होती असं नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी शिकारी चित्ते होते, ते सांभाळायला पारधी होते. शिकारी चित्त्यालाही मारलेल्या हरणातला वाटा जागेवर मिळायचा. वाटा चुकवला तर पुढच्या वेळी जनावर मनापासून पळत नाही, हे राजवाड्यात ठाऊक होतं अन् पालावरही.

विलायतेत सशाच्या बिळात सोडायला फेरेट नावाचं मुंगसाएवढं जनावर पाळतात. बिळातच ससा खाऊन ते तिथंच झोपू नये म्हणून कधी त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात. ते निव्वळ मांसावर जगणारं, पण तिथले जुने लोक त्याला दूध-पाव घालायचे आणि त्याला हागवण लागायची. हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. घरात जे असतं तेच दारातल्या जनावराच्या वाट्याला येतं. कुत्र्याला ज्वारी मानवते, हे आमचं नशीब.

खाण्याइतकीच निगा. पावसाळा सरला की माळावरचं कुसळी गवत वाळतं, त्याचं कुसळ पंजात अन् कानात शिरतं. रोज सांजच्याला कंदिलाच्या उजेडात बोटांच्या बेचक्या उघडून बघायच्या. गोचिडाला करंजीचं तेल, चिरलेल्या तळव्याला तेलात कालवलेली हळद. कातडी पातळ, म्हणून थंडीत अंगाखाली गोणपाट.

मग 1972 आलं. मी बारा वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर माय खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची अन् रेशनला अमेरिकेची लाल मिलो. त्या मिलोची भाकर आम्ही खाल्ली, पण घरातली कुत्री हुंगून बाजूला व्हायची. दोन दिवसांनी तीही खायला लागली. ताक कुठलं, पाण्यातच कुस्करलेली.

त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. सुरुवातीला परवाना काढून शिकार करता येत होती, 1991 च्या दुरुस्तीनं तीही वाट बंद झाली. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. मी लहानपणी बघितलेले काळविटांचे कळप पुढं दिसेनासे झाले, तेव्हा कुणीतरी हात धरायलाच पाहिजे होता. पण हात धरला तो कुणाचा? बंदूकवाल्या जीपवाल्यांचा कमी, पारध्याचा जास्त. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं त्या यादीत पारध्यांचंही नाव पडलं. 1952 साली सरकारनं ती यादी मोडली, पण गावाच्या डोक्यातली यादी मोडली नाही. त्यात आता शिकारही गुन्हा, म्हणजे पालापुढं बांधलेलं कारवानी हाच पुरावा.

आमच्या शिवारात पाल टाकणारा एक म्हातारा होता, आम्ही त्याला मामा म्हणायचो. एका सुगीत त्यानं आपली कुत्री आणून आमच्या गोठ्यात बांधली. "भाऊ, हिची भाकर मला जड न्हाई," तो बापाला म्हणाला. "पन ही दारात दिसली का लोक मलाच चोर म्हन्त्यात. तुमच्या दारात कुनी इचारनार न्हाई." जाताना त्यानं तिचे चारी पंजे उघडून बघितले अन् एक कुसळ काढलं. ती तीन दिवस अन्नाला शिवली नाही. चौथ्या दिवशी मायनं भाकर तोंडानं चावून तिच्यापुढं ठेवली, तेव्हा खाल्ली. मामा पुन्हा आमच्या शिवारात उतरला नाही.

आता हळदीत, सोयाबीनमध्ये रात्री डुकरं शिरतात, रोही शिरतात. धुऱ्यावर भुंकायला कुत्रं लागतंच, म्हणून माझ्याकडं त्या कुत्रीच्या वंशातली एक आहे. पुण्या-औरंगाबादकडची पोरं फाट्यावर गाडी थांबवून पिल्लं मागायला येतात. पिशवीतलं खाणं घालतो म्हणतात. घाला, त्यात वाईट काही नाही. मी एवढंच विचारतो, पळायला जागा किती? गच्ची म्हणाले की चहा पाजून परत पाठवतो.

सोयाबीन आल्यापासून ज्वारी आमच्याही वावरात अर्ध्या एकरापुरती उरली. कणसं खुडून झाली की एक पोतं वेगळं निघतं. त्यावर बायको कोळशानं खूण करते, म्हणजे दळणात चुकून मिसळत नाही.