पेटीवाले गोविंदराव टेंबे

हार्मोनियम युरोपांतून आली. परंतु मराठी रंगभूमीवर तिला मान मिळवून देणाऱ्यांत गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) अग्रणी होत. कोल्हापूरच्या या वादकानें भास्करबुवा बखले यांची साथ करतां करतां त्यांची गायकी बोटांत उतरविली. १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली त्यांच्याच, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ बोलपटांत तर ते स्वतः हरिश्चंद्र झाले! पेटींतून मींड निघत नाहीं, हा आक्षेप खरा. पण म्हणून तिला मैफलीबाहेर घालविणें हा न्याय नव्हे. सरकारी रेडिओनें १९४० सालीं नेमकें तेंच केलें. १९४८ सालीं नागपूर केंद्र उघडलें, तेव्हांही वऱ्हाड-नागपुरांतील पेटीवाले दाराबाहेरच राहिले. बंदी सैल झाली १९७१ सालीं. तोंवर गोविंदरावांना जाऊन सोळा वर्षें लोटलीं होतीं.