शिंक आणि आशीर्वाद

कांहीं वर्षांपूर्वीं मालवणास एका स्नेह्यांच्या ओटीवर आम्ही बसलों होतों. घरचे यजमान कोर्टाच्या कामास निघून उंबऱ्यापाशीं येतात, तोंच आंतून कोणी शिंकलें. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं त्यांस लागलेंच खालीं बसविलें, घोटभर पाणी दिलें, आणि मगच जाऊं दिलें. थोड्या वेळानें पाळण्यांतलें मूल शिंकलें, तेव्हां त्याच मातोश्री लगबगीनें म्हणाल्या, ‘शतंजीव!’ घर तेंच आणि माणूसही तेंच. पण एका शिंकेनें काम अडलें, दुसरीनें शंभर वर्षें मिळालीं!

शिंक म्हणजे विघ्न, ही समजूत आमच्या भाषेंत इतकी मुरली आहे कीं, काम फसलें म्हणजे ‘कुठें माशी शिंकली?’ असें आम्ही विचारतों. माणसांच्या शिंका पुरल्या नाहींत, म्हणून बिचाऱ्या माशीवरही आळ! उलट, बोलतां बोलतां शिंक आली तर ‘सत्य आहे’ म्हणून तिचीच साक्ष काढतों. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत शिंकेनंतर आचमन सांगितलें आहे, तेथें शकुनाचा प्रश्नच नाहीं, केवळ शुद्धीचा आहे.

आशीर्वादाची चाल मात्र फार जुनी. विनयपिटकांत एक मार्मिक कथा आहे. धर्मोपदेश चालू असतां भगवान् बुद्धांस शिंक आली, आणि भिक्षूंनीं ‘जीवतु’ असा एवढा गलका केला कीं उपदेशच थांबला. बुद्धांनीं विचारलें, ‘असें म्हटल्यानें कोणी जगतो किंवा मरतो काय?’ ‘नाहीं,’ असें उत्तर आलें. तेव्हां ही चाल त्यांनीं बंद केली. पुढें भिक्षु शिंकले म्हणजे गृहस्थ ‘जीव’ म्हणत, आणि भिक्षु नियमास भिऊन गप्प बसत. लोकांस तें उद्धटपणाचें वाटलें. तें कळतांच बुद्धांनीं गृहस्थ मंगलप्रिय असतात हें ओळखून ‘चिरं जीव’ असें उत्तर देण्याची मोकळीक दिली. कार्यकारणभाव नाकारूनही लोकांचा लोभ मोडूं नये, हा विवेक आमच्या सुधारकांपैकीं थोड्यांसच साधला आहे.

या किनाऱ्यावरच पाहिलें तर कोंकणी मुसलमान शिंकल्यावर स्वतःच ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतो आणि ऐकणारा त्याच्यावर ईश्वरी दया चिंतितो. पोर्तुगेज भाषेंत अशा वेळीं आरोग्य चिंतितात. युरोपांत ही चाल इ. स. ५९० च्या रोमच्या सांथींत पोप ग्रेगरीनें पाडली, असें पुष्कळ सांगतात. तें टिकत नाहीं. कारण पहिल्याच शतकांत प्लिनी ‘शिंकणाऱ्यास आम्ही अभिवादन कां करतों?’ असें विचारून गेला आहे. टायलरनें १८७१ च्या आपल्या ग्रंथांत देहांत भूतपिशाच्चें शिरण्या-निघण्याच्या आदिम कल्पनेशीं या चालीचा संबंध जोडला. आम्हांस तो बराचसा पटतो, पण पाळण्याजवळच्या त्या स्वरांत भुतापेक्षां मायाच अधिक ऐकूं आली.

२०२० च्या करोनाच्या सांथींत शिंक ऐकतांच माणसें चार हात मागें सरूं लागलीं; भीतीस शास्त्राचाही आधार होता, आणि आशीर्वाद मुके झाले. त्या दिवसांत आम्ही त्या स्नेह्यांस दूरध्वनि केला. बोलतां बोलतां आम्हांसच शिंक आली. पलीकडे क्षणभर कांहींच ऐकूं येईना; मग दुरून मातोश्रींचा थकलेला आवाज आला, ‘शतंजीव!’