आंबोळी आणि कल्याणीचा धोसक

आंबोळी आपली, डोसा कानड्यांचा, अशी वाटणी आपण गोंयकार सहज करतो. मला ती पटत नाही. आज बीदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा संस्कृत 'मानसोल्लास' साधारण ११२९ सालचा. त्यात 'धोसक' आहे, वाटलेल्या डाळींचा; तांदूळ मात्र नाही. तांदूळ-उडीद वाटून रात्रभर ठेवायचे, यीस्ट आणि जिवाणूंनी पीठ फुगले की सकाळी पातळ आंबोळ्या घालायच्या, हे घरोघरच्या बायकांनी हातोहात पुढे नेले. कानडी राजाच्या याच ग्रंथात जुन्या मराठीच्या ओळीही आहेत. गोव्याचे कदंबही या चालुक्यांचेच मांडलिक. मग तव्यावर सीमारेषा कुठे आखायची?